मागावर 50, टेबलावर 52

संध्याकाळचे सहा वाजलेत. इचलकरंजीत, शहापूरच्या बाजूला एका कारखान्यात घडीच्या टेबलाशी मी उभा आहे. भिंतीपलीकडं यंत्रमाग धडधडतायत. टेबलावर कापडातले धागे मोजायचं पितळी भिंग ठेवलंय, तेही त्या धडधडीनं बारीक थरथरतंय. आज पगाराचा दिवस.

खिडकीच्या उजेडात मेंडिंगची काकी बसलीय. कापडात एक उभा धागा तुटून वीतभर रेघ पडलीय. काकी त्याच सुताचा तुकडा सुईत ओवते आणि एक आडवा धागा वर, एक खाली, असा तो भरत नेते. रेघ माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी होते.

"दोष लपवलात की काकी," मी म्हणतो.

ती सुई थांबवत नाही. "लपवत न्हाई बाबा, भरतोय. सूत गेलं हुतं, तेवढंच घातलं. घेणाऱ्याचं काय कमी झालं?"

मला उत्तर सुचत नाही. तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आवाज चढतो.

तिशीतला एक कामगार दिवाणजींसमोर उभा आहे. केसांवर, भुवयांवर सुताची रुई. गावात मजुरीचा दर 52 पिकाच्या मीटरला ठरतो. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, ते पिक; पिकं कमी तर दर त्या प्रमाणात उतरतो. वहीत त्याच्या ताक्यासमोर लिहिलंय: 96 मीटर, 50 पिक.

"पिक 50 कसं ओ दिवाणजी? व्यापाऱ्याच्या बिलाला तर 52 लावताय."

"मागावर चढलंय ते 50च. मागाला पिकाची चक्रीच 50 ची हाय. जाऊन मोज."

"आणि टेबलावर?"

"टेबलावर 52 भरतंय. कापड उतरलं की आखडतंय, तुला ठावं न्हाई व्हय?"

दिवाणजी खोटं बोलत नाहीत. मागावर ताणलेलं कापड खाली उतरलं की सैल पडतं, लांबीला आखडतं, धागे जवळ येतात. मागावरचे 50 टेबलावर 52 होतात. हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. व्यापारी टेबलावरचं पिक बघून पैसे देतो, त्याचीही फसवणूक नाही. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हाही कापड असंच आखडत असणार.

"मग मीटर कुठं मोजलं?" कामगार विचारतो.

"इथंच. घडीला."

"म्हंजे आखडल्यावर." तो टेबलावर बोट ठेवतो. "मीटर टेबलावरचं आणि पिक मागावरचं. दोन्ही मागावरचं धरा, न्हाईतर दोन्ही टेबलावरचं."

काकीची सुई थांबते.

मी मनात हिशेब करू लागतो. मागावर ताणात हे कापड 100 मीटरच्या आसपास होतं. 100 गुणिले 50, नाहीतर 96 गुणिले 52. धागे जवळपास तेवढेच. पण वहीत 96 गुणिले 50 आहेत. इंचाला दोन धागे गळाले. 96 मीटरला ते सुमारे साडेसात हजार होतात. साडेसात हजार वेळा धोटा या टोकाकडून त्या टोकाला गेला आणि त्याची मजुरी कुणी धरली नाही. साधा माग मिनिटाला दीडशे फेऱ्या करतो असं धरलं, तरी हे पन्नास मिनिटांचं चालणं. एका ताक्यामागं.

"मी एक आकडा खोटा लिवलेला न्हाई," दिवाणजी म्हणतात. आवाज खाली आलाय. "पयल्यापास्नं असंच लिवत आलोय."

त्यांचं म्हणणं मला पटतं आणि म्हणूनच पोटात खड्डा पडतो. 96 खरे आहेत. 50 खरे आहेत. एका ओळीत शेजारी बसल्यावर दोघं मिळून या माणसाची साडेसात हजार धाग्यांची मजुरी खातात. काकीच्या सुईनं कापडावरची रेघ दिसेनाशी केली, पण कुणाचं काही घेतलं नाही. वहीत मात्र सगळं उघड, निळ्या शाईत लिहिलेलं आहे.

कामगार भिंग उचलून दिवाणजींपुढं धरतो. "तुमीच मोजा."

दिवाणजी चष्मा कपाळावर सरकवतात. कापडावर भिंग टेकवतात, सुईचं टोक धाग्यावर ठेवतात आणि मोठ्यानं मोजू लागतात. एक, दोन, तीन. पलीकडचे माग थांबलेले नाहीत, पण टेबलाभोवती सगळे गप्प आहेत. एकोणपन्नास. पन्नास. सुई थोडी रेंगाळते.

"एक्कावन. बावन."

ते पेन उचलतात. 50 वर एक आडवी रेघ मारतात, वर 52 लिहितात. कामगार हात पुढं करतो, पण दिवाणजी वही मिटत नाहीत. पेन हातात तसंच धरून ते मागचं पान उलटतात. गेल्या आठवड्याचं.