जुनी मोटार आणि नवा आल्टरनेटर

कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ सालापासून निघालेली फियाट ११०० डी नांदेड-लातुरास एखाद्या घरीं वडिलांची आठवण म्हणून जपलेली असते. तिचा डायनॅमो इंजिन मंद फिरतांना फारशी वीज देत नाहीं. रेल्वेच्या फाटकाशीं दिवे लावून थांबावें, तर सारा भार बॅटरीवर. आल्टरनेटर मंद गतीसहि वीज देतो, म्हणून त्याचा मोह साहजिक आहे.

पण हौसेनें बिडाचा मूळ एक्झॉस्ट काढून पातळ नळ्यांचा हेडर बसविला असेल, तर जपावें. आल्टरनेटरची उलटसुलट वाहणारी वीज एकदिश करणारे सिलिकॉनचे डायोड त्याच्या पोटांतच असतात, आणि नळ्यांच्या धगीनें ते निकामी होतात. आपल्याकडे मे महिन्यांत हवाच चाळीस अंशांवर जाते! तेव्हां जमल्यास आल्टरनेटर इंजिनाच्या दुसऱ्या बाजूस न्यावा. नाहींतर मध्यें पत्र्याचा आडोसा, दोहोंकडून हवा खेळेल असा, धरावा. आधाराची पट्टी ब्लॉकलाच आवळावी, हेडरच्या बोल्टांना नव्हे. नळ्या तापून प्रसरण पावल्या कीं पट्टी हलते आणि पट्टा सैल पडतो. पुल्या एका रेषेंत हव्यात.

जुना रेग्युलेटर काढून टाकावा व वायर जाड घ्यावी. विलायती बनावटीच्या कांहीं जुन्या गाड्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असतें. तेथें ऋण टोकाचा आल्टरनेटर तसाच जोडला, तर डायोड त्याच क्षणीं जळतात.