ऑक्टोबरचा उकाडा आणि समुद्राची ओढ

पावसाळा सरला की हवा गार होईल, असे आपणांस वाटते. परंतु घडते उलटेच. ऑक्टोबरमध्ये मोसमी वारे पुण्यावरून माघार घेतात. आकाश निरभ्र होते आणि ऊन थेट भूमीवर पडते. जमिनीतील ओलीची वाफ हवेत मिसळते. अशा दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. हाच ऑक्टोबरचा उकाडा.

उकाड्याने त्रासलेली माणसे सुट्टी मिळताच घाट उतरून कोकणकिनारी जातात. पाणी पाहताच त्यांना पोहण्याचा मोह होतो. परंतु समुद्र तळ्यासारखा स्थिर नसतो. त्याचे पाणी सुमारे ६ तास चढते व तितकाच वेळ उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. तेव्हा ओहोटीही जोराची असते. शिवाय किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी एखाद्या खोलगट वाटेने वेगाने परत फिरते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात. म्हणून जी जागा शांत दिसते, तीच कित्येकदा घातक ठरते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याहून सहलीस गेलेले १४ विद्यार्थी बुडाले.

मुलांनो, भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. तेव्हा कालच्या वेळेवर विसंबू नका. तेथील कोळ्यांना विचारा व त्यांचे ऐका. ओढीत सापडलात, तर तिच्याशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत तिच्याबाहेर या. दुसरा बुडत असेल, तर स्वतः उडी न टाकता दोर फेका व मोठ्यांना हाका मारा. समुद्राचे आनंदाने दर्शन घ्यावे. परंतु त्याचा स्वभाव जाणल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये.