मापाच्या खडावा

पंचवटीत आला तो राम अनवाणी होता. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात भरत चित्रकूटला जातो, परत चलण्याची गळ घालतो आणि राम बधत नाही म्हटल्यावर सोन्यानं मढवलेल्या पादुका त्याच्यापुढं ठेवतो. राम त्यांवर पाय ठेवतो, मग उतरून त्या भरताच्या स्वाधीन करतो. पुढची १४ वर्षं नंदिग्रामातून त्या पादुकांच्या नावानं राज्य चालतं. इकडं राम दंडकारण्य तुडवत गोदेकाठी येतो आणि पर्णकुटी बांधतो. नाशिकच्या वाट्याला आला तो असा, पादुका देऊन टाकलेला राम. देवाच्या आणि संतांच्या पादुकांवर आपल्याकडं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पायात घालून खरोखर चालायच्या खडावा ज्यांनी घडवल्या, त्या सुतारांवर मात्र फार थोडं. मला लिहायचं आहे ते त्यांच्याविषयी.

खडाव दिसायला सोपी. पायाच्या आकाराची फळी, तिच्याखाली टाचेशी एक आणि चवड्याशी एक असे दोन आडवे उंचवटे, आणि वर अंगठा व शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरायची खुंटी. पट्टा नाही, खिळा नाही, शिलाई नाही. चालताना सगळी खडाव त्या दोन बोटांच्या चिमटीत उचलायची, म्हणूनच ती करायला अवघड. चामड्याची चप्पल थोडी चुकली तरी चार दिवसांत सैल होऊन पायाशी जुळवून घेते. लाकूड जुळवून घेत नाही. खुंटी नको तेवढी पुढं गेली तर बोटं फळीबाहेर डोकावतात आणि चालणारा पुढं कलतो. मागं आली तर टाच लाकडाबाहेर पडते. आतल्या अंगाला सरकली तर अंगठ्याजवळची कातडी पहिल्याच दिवशी सोलवटते. सगळं कसब त्या एका ठिपक्यात आहे.

माझ्या लहानपणी काळाराम मंदिराकडून गोदेकडं उतरणाऱ्या एका बोळात एक म्हातारे सुतार काम करत. सगळी आळी त्यांना बाबा म्हणे. पाट, पोळपाट, रव्या, देव्हारे हे रोजचं काम; खडावा मागणी येईल तशा. गिऱ्हाईक आलं की ते जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरत आणि म्हणत, "महाराज, उभं राहा. बसून पाय दाखवू नका." बसलेल्या पायाचं माप खोटं असतं, अंगाचा भार आला की पाय पसरतो, हे ते प्रत्येकाला न कंटाळता समजावून सांगत. मग पेन्सिल अगदी उभी धरून दोन्ही पायांची कड काढायची. एकाच पायाची काढून दुसरी उलटी कापायची नाही, कारण डावा-उजवा पाय सहसा सारखा नसतो. शेवटी बेचक्यात पेन्सिल टेकवून ठिपका. तो ठिपका देताना बाबा बोलायचे थांबत.

कागद फळीवर ठेवून करवतीनं आकार कापला जाई. मग फळी उलटी करून वाकसानं तासायला सुरुवात. दोन उंचवटे राखायचे आणि मधलं लाकूड पटाशीनं काढून टाकायचं, म्हणजे वजन उतरतं आणि ओल्या फरशीवर सगळं बूड टेकत नाही. वरच्या अंगाला टाचेपुरता आणि चवड्यापुरता खोलगटपणा द्यायचा, तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नसे. बाबा तो तळहात फिरवून तपासत. खुंटी वेगळ्या लाकडाची, कातून काढलेली, माथ्याला कळीसारखी. तिचं गोल कुसू फळीतून आरपार खाली काढायचं, टोकाला चीर द्यायची आणि त्या चिरेत पाचर ठोकायची. इथंच नवशिक्या पोरांची फसगत होई. "रेषेला आडवी ठोक रे," बाबा ओरडत. फळीच्या रेषांना पाचर आडवी बसली तर कुसू फुगून घट्ट होतं. रेषांच्याच दिशेनं बसली तर फळी उभी चिरते आणि दिवसभराचं काम चुलीत जातं. जोड तयार झाला की गिऱ्हाइकाला ते बोळातून घाटाच्या चार पायऱ्या उतरून चढायला लावत. सपाटीवर कुणीही चालेल, पायरीवर खुंटीची परीक्षा होते असं त्यांचं म्हणणं होतं. पैसे त्या पायऱ्यांनंतर.

लाकडाच्या बाबतीत बाबा कमालीचे हट्टी. जुन्या नाशकातला एखादा वाडा उतरवला जातोय असं कळलं की तुळया-कड्यांचे तुकडे मिळवायला ते स्वतः जात. अनेक पावसाळे खाल्लेलं सागवान आता आणखी वाकायचं राहिलेलं नाही, आणि त्याच्या अंगच्या तेलामुळं रामकुंडाच्या ओल्या घाटावरही ते टिकतं. शिवण हलकी आणि न वाकणारी, म्हणून वयस्कांसाठी. शिसव जड, पण खुंटीला तिच्याइतकं चिवट काही नाही. आंब्याच्या लाकडाला ते हात लावत नसत. स्वस्त मिळतं आणि तितक्याच लवकर किडतं. हॉलंडमधले कारागीर याच्या नेमकं उलट करतात. तिथला लाकडी जोडा म्हणजे एकाच ठोकळ्यातून पोखरलेलं अख्खं पाऊल, त्यामुळं विलो किंवा पॉप्लरचं ओलं, मऊ लाकूड घेऊन तो कोरतात आणि मग वाळवतात. आपली खडाव सपाट फळीची. ओली कापली तर वाळताना पीळ खाते, आणि पिळलेली खडाव चालताना डगडगते.

लाकडी पादत्राणाचा आवाज हा त्याचा जुना दोष. विनयपिटकाच्या महावग्गात त्याची तक्रारच नोंदलेली आहे. षड्वर्गीय, म्हणजे सहा जणांच्या टोळीतले भिक्खू पहाटे लाकडी पादुका घालून खटखट करत, मोठमोठ्यानं गप्पा मारत फिरत. ध्यानाला बसलेल्यांचा भंग होई, पायाखाली किडेही चिरडत. बुद्धांनी लाकडी पादुका वर्ज्य केल्या. मग त्या मंडळींनी ताडपत्राच्या केल्या, बांबूच्या केल्या. त्याही बंद झाल्या. शौचाच्या आणि धुण्याच्या जागी कायमच्या बसवलेल्या पायठेवण्यांना तेवढी मुभा राहिली. हे वाचताना मला दर वेळी पांडवलेणी आठवतात. नाशिकच्या या २४ लेण्यांत याच भिक्खुसंघाचं वास्तव्य होतं, आणि तिथल्या शिलालेखांत जवळच्याच गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडं ठेव म्हणून दिलेले पैसे नोंदलेले आहेत: २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक दरानं, १,००० पाऊण दरानं. कुंभार आणि तेली यांच्या श्रेणीही त्या भिंतींवर आहेत. कारागिरांचं हे गाव इतकं जुनं आहे.

खडावांना मान का मिळाला, या प्रश्नाचं उत्तर मात्र गोड नाही. लाकूड शुद्ध, चामडं अशुद्ध, ही त्यामागची समजूत. सोवळ्यात खडाव चाले, वहाण चालत नसे. मुंजीत बटूला दंड, लंगोटी, झोळी यांच्यासोबत खडावा मिळतात त्या याच समजुतीनं. आणि ज्या हातांनी सगळ्या गावाच्या पायाखालचं चामडं कमावलं आणि शिवलं, ते हात त्याच समजुतीनं विटाळाचे ठरले. बाबांच्या बोळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या काळाराम मंदिरापुढं २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढं वर्षानुवर्षं नेटानं चालवला. जोडे बाहेर काढून आत जायच्या त्या दारात माणसंच बाहेर ठेवली जात होती. खडावेच्या कसबावर माझं प्रेम आहे, पण तिच्या सोवळेपणाचं कौतुक मला करवत नाही. सुताराचा तो ठिपका आणि चर्मकाराची ती शिलाई, दोन्हींमागं पायाचं सारखंच ज्ञान आहे.

नाशकात या कामाला खरी मागणी येई ती सिंहस्थात. दर १२ वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की साधू जमतात. दिगंबर, निर्वाणी आणि निर्मोही हे तीन वैष्णव आखाडे नाशिकला, उरलेले १० आखाडे त्र्यंबकेश्वरला. १९८०च्या सिंहस्थाआधी कित्येक महिने बाबांनी फळ्या तासून रचून ठेवल्या होत्या, पण एकीलाही भोक पाडलेलं नव्हतं. "पाय आल्याशिवाय भोक नाही," असं ते म्हणत. त्या गर्दीत तपोवनातून साधू येत, वर्तमानपत्रावर उभे राहत. त्यांच्या पायांत फार फरक असे. वर्षानुवर्षं अनवाणी चाललेला पाय चवड्याशी रुंद होतो, बोटं फाकतात आणि बेचकं मोठं होतं. त्याला जाड खुंटी लागते. आयुष्यभर बूट घातलेल्या, नुकत्याच दीक्षा घेतलेल्या माणसाची बोटं चिकटलेली असतात, त्याला बारीक खुंटी आणि वर थोडा धीर. असं हे ज्ञान बारा वर्षांच्या अंतरानं ताजं होत असे. मधल्या एका पिढीनं काम सोडलं की पुढच्या सिंहस्थाला ते सांगायला कुणी नसतं, आणि तसंच झालं. बाबांची मुलं फर्निचरकडं वळली. प्लायवूड आणि सनमायकाचं काम बारा महिने मिळतं, त्यांना दोष कसा द्यावा?

खडावा संपल्या असं मात्र कुणी म्हणू नये. आज पूजासाहित्याच्या दुकानांत त्या पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. फरक एवढाच, की त्या घालायच्या नाहीत. वारीत पादुका पालखीतून नेण्याची परंपरा तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५च्या सुमारास सुरू केली. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पादुकाही दरवर्षी पंढरीला निघतात. दत्तसंप्रदायात नरसोबाच्या वाडीच्या मनोहर पादुका, औदुंबरच्या विमल पादुका, गाणगापूरच्या निर्गुण पादुका हीच उपासनेची केंद्रं. त्या भावनेपुढं मी नतमस्तक आहे. पण देव्हाऱ्यातल्या पादुकेला माप लागत नाही. खुंटी मधोमध बसवली की छान दिसते, आणि मधोमध बसवलेली खुंटी कुणाच्याच पायाला बसत नाही. उत्तर भारतातून यंत्रावर कापून येणारे जोड, सहारनपूरचे शिसवी जोड, ऑनलाइन सहा, सात, आठ अशा नंबरांत मिळतात. काहींना वर रबरी पट्टा आणि खाली रबरी तळवा असतो. आवाजही होत नाही, बोटांना चिमटही धरावी लागत नाही. अशा खडावेला लाकडी चप्पल म्हणावं; वाईट वस्तू नाही ती, पण तिच्यात सुताराला करण्यासारखं काही उरलेलं नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळं २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला नाव न घेता दाखवल्या, तेव्हा जाब विचारायला आपल्याकडं कागद होता. टोरांटोच्या बाटा शू म्युझियममध्ये भारतातल्या जुन्या पादुका जतन केलेल्या आहेत, हस्तिदंताच्या, चांदीच्या. घाटावर झिजलेली साधी सागवानी खडाव जपून ठेवावी असं आपल्याला अजून वाटलेलं नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ला पहिलं अमृतस्नान, असं येत्या सिंहस्थाचं वेळापत्रक जाहीर झालेलं आहे. साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली सतराशेहून अधिक झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून नाशिककर रस्त्यावरही उतरले. साधुग्रामातल्या कोट्यवधींच्या कामांत मापाच्या खडावा करणाऱ्या दोन-चार सुतारांना एक पत्र्याची शेड आणि आयटीआयच्या सुतारकामाच्या मुलांना त्यांच्या हाताखाली दोन महिने, एवढं बसवणं मुळीच अवघड नाही. वाडे उतरवताना निघालेलं सागवान गावात आहेच. त्यासाठी एकही झाड पाडावं लागणार नाही.

तोवर कुणाला चालायच्या खडावा घ्यायच्याच असतील, तर त्या आधी उलट्या करून पाहाव्यात. खुंटीचं कुसू खालपर्यंत आलेलं दिसलं पाहिजे आणि पाचर रेषांना आडवी. खुंटी फळीच्या मध्यावर नसावी, अंगठ्याच्या बाजूला असावी, आणि डाव्या-उजव्या जोडीत तिची जागा थोडी वेगळी असेल तर तो जोड कुणीतरी माणसाला उभं करून केलेला आहे. मग उभ्यानंच घालून पाहावा आणि दुकानाची पायरी उतरून यावं.