सिंफनीच्या कागदावर राग

खानदेशात ऑर्केस्ट्रा या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. गणेशोत्सवात किंवा यात्रेत स्टेज बांधायचे, कीबोर्ड, ढोलकी आणि ऑक्टोपॅड मांडायचे आणि रात्र चढेपर्यंत सिनेमाची गाणी म्हणायची. चोपड्याला, अमळनेरला, शिरपूरला भिंतीवरच्या पोस्टरवर हा शब्द येतो तो याच अर्थाने. सिंफनी ऑर्केस्ट्रा ही निराळी चीज आहे. त्यात साठ ते शंभर वादक एकत्र बसतात. व्हायोलिन, चेलोसारखी तंतुवाद्ये पुढे, बासरी-ओबो-क्लॅरिनेट मध्ये, पितळी वाद्ये आणि नगारे मागे. गायक बहुतेक वेळा नसतोच. प्रत्येकापुढे स्वरलिपीचा कागद असतो आणि सगळ्यांचे भाग एकाखाली एक लिहिलेली जाड वही संचालकापुढे असते. कागदावर नाही ते वाजत नाही.

भारतात असा व्यावसायिक ऑर्केस्ट्रा एकच आहे आणि तो महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राने, म्हणजे एनसीपीएने, 2006 साली ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा केला. एनसीपीएचे खुशरू सनतूक यांनी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांना संगीत संचालक म्हणून बोलावले. एवढे तयार वादक देशात एका वेळी मिळणे अवघड होते. म्हणून कझाकस्तान आणि इतर देशांतले वादक आणि थोडे भारतीय, असा मेळ बसवावा लागला. हे वादक बारा महिने वाजवत नाहीत. शेतीसारखेच त्यांचे दोन हंगाम असतात, एक फेब्रुवारीच्या सुमारास आणि दुसरा सप्टेंबरच्या. हंगामाचा मुख्य भाग बेथोवन, चायकॉव्हस्की अशा युरोपीय रचनांचा. त्याच हंगामात भारतीय संगीताला जागा करून देण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा खरी अडचण समोर आली.

ही अडचण भूप रागावरून चटकन कळते. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात; म आणि नी वर्ज्य. पाश्चात्त्य संगीताचा प्राण मात्र स्वरसंवादात, म्हणजे तीन-चार स्वर एकाच वेळी वाजवण्यात. सा-ग-प एकत्र वाजवले तर भूपाला काही होत नाही. ध-सा-ग हेही चालते. पण पंचमावरचा संवाद उभा करायचा तर प-नी-रे लागतो, आणि नी आला की भूप मोडला. मध्यमावरच्या म-ध-सा या संवादाचीही तीच गत. पाश्चात्त्य रचनेत एका संवादातून दुसऱ्यात जाणे हाच प्रवास असतो, आणि इथे निम्म्या वाटा बंद. दरबारी रागात तर आणखी पंचाईत. तिथला गंधार खालचा आणि आंदोलित. पियानोच्या पट्टीवर तो सापडत नाही. व्हायोलिन आणि चेलोवर बोट सरकवून तो काढता येतो, पण बारा व्हायोलिनवाल्यांनी तो एकाच वेळी, एकाच मापाने झुलवायचा म्हणजे महिन्याची मेहनत.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. आपल्याकडचा गवई बंदिश पाठ करतो आणि बाकीचे मैफलीत रचतो. लग्नाच्या वरातीतला क्लॅरिनेटवालासुद्धा समोर कागद ठेवत नाही. गाणे कानाने उचलतो आणि नाचणाऱ्यांचा रंग पाहून कडवे लांबवतो. ऐंशी जणांना असे लांबवता येत नाही.

या दोन्ही पद्धती जवळून पाहिलेले पहिले लोक गोव्याचे. पोर्तुगीज काळात तिथे चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्यातले कितीतरी जण पुढे मुंबईच्या सिनेमात आले, कारण तिथे चाल बांधणारे संगीत दिग्दर्शक पुष्कळ होते, ती चाळीस वाद्यांसाठी लिहून देणारे थोडे. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली ठळक नावे. माजोर्डा गावचे गोन्साल्विस व्हायोलिन शिकवत, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभच्या तोंडी जे नाव आहे, ते प्यारेलालनी आपल्या गुरूला केलेला नमस्कार आहे. याच गोन्साल्विसनी 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादक बसवून रागांवर आधारलेल्या सिंफनी रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पैशांअभावी तो उपक्रम फार टिकला नाही, आणि सिनेमाच्या नावापलीकडे या माणसाची आठवणही फारशी राहिली नाही, हे अन्यायाचेच.

वाद्यवृंदाचे याहून जुने प्रयोगही आहेत. भुसावळहून इटारसी-जबलपूरमार्गे प्रयागराजकडे जाणाऱ्या गाडीला कटनी आणि सतना यांच्यामध्ये मैहर लागते. तिथे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी 1918 च्या सुमारास, साथीच्या रोगात पोरकी झालेली मुले गोळा करून बँड उभारला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी नलतरंग हे वाद्य करून घेतले. त्यांचे शिष्य रविशंकर 1952 पासून आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे काम पाहू लागले. पुढे 1971 मध्ये रविशंकरांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी पहिला सतार कॉन्चेर्तो रचला. कॉन्चेर्तो म्हणजे एक प्रमुख वादक आणि समोर सगळा ऑर्केस्ट्रा अशी जुगलबंदीवजा रचना. खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज या रागांचे तिचे चार भाग. 1981 मधल्या ‘रागमाला’ या दुसऱ्या कॉन्चेर्तोचे संचालन मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी न्यूयॉर्कमध्ये केले. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी 1935 मध्येच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. रविशंकरांनी संवादांचा मोह टाळला. बहुतेक जागी ऑर्केस्ट्रा सतारीची ओळ उचलतो, परत देतो किंवा खाली षड्ज धरून बसतो. युरोपातल्या काही समीक्षकांना हे फिके वाटले. भूपाचे गणित पाहिले की हा फिकेपणा रचनाकाराने समजून पत्करला होता, हे लक्षात येते.

एनसीपीएच्या ऑर्केस्ट्राने वेगळी वाट धरली. सप्टेंबर 2015 च्या हंगामात झाकिर हुसेन यांचा ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्तो झेन दलाल यांच्या संचालनाखाली प्रथम वाजला. पेशकार म्हणजे तबल्याच्या एकल वादनाची सुरुवात. संथ लयीत एक बोलसमूह मांडायचा आणि त्याच्या आडव्या-तिडव्या शक्यता उलगडत जायचे. स्वरांच्या भानगडीपेक्षा इथे लयीचा व्यवहार अधिक, आणि लय कागदावर उतरवणे सोपे असते. तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या चार खणांत सहज बसतात. तिहाईचे तीन फेरे नेमके समेवर येतात, ते संचालकाला मोजता येते. तबलजीला मोकळे सोडायचे त्या जागीही पाश्चात्त्य परंपरेत आधीच सोय होती. कॉन्चेर्तोत ऑर्केस्ट्रा थांबतो आणि प्रमुख वादक एकटा वाजवतो तिला कॅडेन्झा म्हणतात. मोझार्टच्या काळी ती जागा वादक तिथल्या तिथे भरत असे. पुढे युरोपात तीही बहुधा लिहूनच ठेवू लागले. ‘पेशकार’ने ती जुनी मोकळीक परत आणली.

2019 च्या सुरुवातीला हा ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा ‘पेशकार’ सोबत होता. घरीही काम चालू आहे. 2012 पासून एनसीपीएतच मुलांसाठी संगीत शाळा चालते, म्हणजे पुढच्या पिढीत कझाकस्तानातून वादक कमी आणावे लागतील. अजून एक दार मात्र बंदच आहे. या हंगामांत ‘भारतीय’ म्हणून येते ते बहुतेक दरबारात आणि मैफलीत वाढलेले संगीत. चोपडा तालुक्यात होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजारात पावरा समाजाचे मोठे ढोल वाजतात, त्यांची लय अशा कागदापर्यंत पोचलेली नाही. तिथे वर्ज्य स्वरांची अडचण नाही. अडचण आहे ती एवढीच, की त्या ढोलाला उभे राहून, चालत, नाचणाऱ्यांच्या मध्ये वाजायची सवय आहे.

झाकिर हुसेन 15 डिसेंबर 2024 रोजी गेले. ‘पेशकार’मधले ऑर्केस्ट्राचे भाग लिहिलेले आहेत, ते कोणत्याही हंगामात पुन्हा काढून वाजवता येतील. तबल्याच्या मोकळ्या जागा जो बसेल त्याने आपल्या घराण्याच्या विद्येतून भरायच्या आहेत.