अमेरिका आणि बंदूक (लेखांक ५) : कुलूप कुणी लावायचे?

मार्च २०२४. मिशिगन राज्यातील पॉन्टियॅक शहरातले न्यायालय. सरकारी वकील कॅरन मॅक्डॉनल्ड यांनी पिस्तूल हातात घेतले, त्यातून केबलचे कुलूप ओवले आणि बंद करून ज्यूरीला दाखवले. काही सेकंदांचे काम. समोर आरोपी म्हणून बसलेल्या जेम्स क्रम्बली यांनी स्वतः कुणावरही गोळी झाडलेली नव्हती. पिस्तूल मात्र त्यांनीच विकत घेतले होते, आणि त्याच्यासोबत मिळालेले कुलूप घरात पाकिटातच पडून राहिले होते.

हे प्रकरण ऑक्सफर्ड या गावचे. इंग्लंडमधले नव्हे, मिशिगनमधले. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, क्रम्बली यांनी पंधरा वर्षांच्या मुलाला बरोबर नेऊन पिस्तूल घेतले. दुसऱ्या दिवशी आई जेनिफर त्याला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेली आणि मुलाला मिळालेल्या नव्या नाताळभेटीबद्दल तिने समाजमाध्यमावर लिहिलेही. ३० नोव्हेंबरच्या सकाळी शिक्षिकेला त्याच्या गणिताच्या कागदावर पिस्तुलाचे आणि रक्तबंबाळ माणसाचे चित्र दिसले. शाळेने आईवडिलांना बोलावून घेतले. घरी पिस्तूल आहे, हे दोघांनी शाळेला सांगितले नाही. मुलाला घरी न नेता ते निघून गेले, आणि मुलाचे दप्तर कुणीच उघडून पाहिले नाही. दुपारी मुलाने केलेल्या गोळीबारात त्या शाळेतल्या चार विद्यार्थ्यांचा जीव गेला.

मुलाला जन्मठेप झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आई आणि मार्चमध्ये वडील निष्काळजीपणातून घडलेल्या मनुष्यवधासाठी दोषी ठरले. एप्रिलमध्ये दोघांना प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबाराबद्दल आईवडिलांना मनुष्यवधाची शिक्षा होण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

पण यातली खरी मेख वेगळीच आहे. २०२१ मध्ये मिशिगनमध्ये बंदुकीला कुलूप लावण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. हातातली वस्तू देशाच्या संविधानाने दिलेला हक्क होती, आणि ती कपाटात कशी ठेवायची याबद्दल राज्य गप्प होते. मागच्या लेखांकात हा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा प्रवास आपण पाहिला. या वेळी त्या हक्काच्या घरगुती बाजूकडे वळू, कारण बालसुरक्षेचा वाद बहुतेक वेळा बंदूक असावी की नसावी यावर रंगतो आणि ती घरात कुठे आणि कशी पडलेली असते या प्रश्नापाशी पोहोचण्याआधीच संपतो.

आधी आवाका. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. २०२० मध्ये १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण म्हणून बंदुकीने वाहन अपघातांना मागे टाकले. त्या एका वर्षात या वयोगटातले चार हजार तीनशेहून अधिक मृत्यू गोळीने झाले. या आकड्यावर हक्कवादी, म्हणजे बंदूक बाळगण्याच्या हक्काचे पुरस्कर्ते, आक्षेप घेतात : अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण ‘मुले’ कसे? आणि एक वर्षाखालची अर्भके का वगळली? आक्षेप अगदीच पोकळ नाही. वरच्या वयाची भर पडल्याने आकडा फुगतो, हे खरे. मात्र १ ते १७ एवढाच गट घेतला तरी पहिला क्रमांक बंदुकीचाच राहतो. अर्भके वगळण्याचे कारण वैद्यकीय आहे. त्यांचे मृत्यू प्रामुख्याने जन्मजात दोष आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म यांमुळे होतात.

या मृत्यूंची फोड केली की कुलपाच्या मर्यादाही दिसतात. निम्म्याहून बरेच अधिक खून असतात, त्याखालोखाल आत्महत्या; खेळता खेळता गोळी सुटण्याच्या घटना पेपरात मोठ्या होतात, पण संख्येने थोड्या. रस्त्यावरच्या टोळीयुद्धात वापरलेले पिस्तूल कपाटाच्या कुलपाने थांबतेच असे नाही. आत्महत्या आणि अपघात यांचे तसे नाही. तिथे बंदूक बहुधा स्वतःच्या किंवा नातलगाच्या घरातलीच असते. २००५ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात चार सवयी तपासल्या होत्या : बंदूक कुलपात ठेवणे, ती रिकामी ठेवणे, गोळ्या कुलपात ठेवणे आणि गोळ्या वेगळ्या जागी ठेवणे. यांपैकी प्रत्येक सवय असलेल्या घरांत मुलांच्या आत्महत्या आणि अपघात यांचा धोका कमी आढळला. शाळांतल्या हल्ल्यांचेही चित्र असेच. राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणाऱ्या ‘सिक्रेट सर्व्हिस’ने २०१९ मध्ये शालेय हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरलेल्या घटनांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांत ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरून आलेली होती.

मग कुलूप लावायला हरकत कुणाची? इथे हक्कवाद्यांचा युक्तिवाद नीट ऐकायला हवा. त्यांच्या दृष्टीने बंदूक घरात असते ती रात्री दोन वाजता दार फोडून आत शिरणाऱ्यासाठी. अंधारात, थरथरत्या हातांनी किल्ली शोधावी लागणार असेल, तर ती असून नसल्यासारखीच. पोलीस ठाणे पन्नास मैलांवर असलेल्या गावात हा प्रश्न काल्पनिक नसतो. ऑगस्ट २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्सेडजवळ एका घरात आईवडील नसताना शिरलेल्या माणसाने दाताळ्याने दोन मुलांचा जीव घेतला. मोठ्या बहिणीला बंदूक चालवता येत होती, पण बंदूक तिच्या हाती लागण्यासारखी ठेवलेली नव्हती. ती हाती असती तर काय झाले असते, हे सांगणे अशक्य. पण हक्कवाद्यांच्या सभांत हे उदाहरण वर्षानुवर्षे दिले जाते.

हाच युक्तिवाद २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. वॉशिंग्टन शहराच्या १९७६ च्या कायद्यानुसार घरातली बंदूक रिकामी करून सुटी ठेवावी लागे किंवा तिच्या चापाला कुलूप लावावे लागे. डिक हेलर या सुरक्षारक्षकाने त्याला आव्हान दिले. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने कायदा फेटाळला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांच्या निकालाप्रमाणे या अटीमुळे स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरणेच अशक्य होत होते. पण त्याच निकालात, अपघात टाळण्यासाठी बंदूक कशी ठेवावी हे सांगणारे कायदे यामुळे अवैध ठरत नाहीत, असेही नमूद आहे.

त्या फटीतून सॅन फ्रान्सिस्कोने वाट काढली. तिथल्या नियमाप्रमाणे घरातले पिस्तूल कुलपात हवे, पण मालकाच्या अंगावर असेल तर कुलपाची गरज नाही. २०१४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने हा नियम मान्य केला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचे नाकारले. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस आणि स्कालिया यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले : माणूस झोपताना पिस्तूल कमरेला बांधून झोपतो काय?

२०२२ च्या ‘ब्रूएन’ निकालाने पट पुन्हा बदलला. आता बंदुकीवरचा कोणताही निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो का, हे सरकारला दाखवावे लागते. त्यामुळे वकील अठराव्या शतकातली दप्तरे धुंडाळू लागले. भरलेली बंदूक घरात ठेवण्यास बोस्टनमध्ये १७८३ च्या कायद्याने बंदी होती. कुलूपवाद्यांना तो पूर्वज वाटतो. पण त्या कायद्याचा उद्देश आग विझवायला येणाऱ्यांचा जीव वाचवणे हा होता, लहान मुलांचा नव्हे, हे स्कालिया यांनी हेलर खटल्यातच दाखवून दिले होते.

हक्कवादी संघटनांनी मुलांकडे दुर्लक्ष केले, असे मात्र म्हणता येत नाही. ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ १९८८ पासून ‘एडी ईगल’ या गरुडाच्या चित्रमालेतून लहानग्यांना शिकवते : बंदूक दिसली तर थांबा, हात लावू नका, पळा, मोठ्यांना सांगा. बंदूक उद्योगाच्या संघटनेने १९९९ पासून कोट्यवधी कुलपे फुकट वाटली. वाद आहे तो सक्तीचा. शिकवा, कुलपे वाटा, पण दंडुका नको, ही त्यांची भूमिका.

शिकवण्याने किती साधते, हे अटलांटातल्या बालरोगतज्ज्ञांनी २००१ मध्ये तपासले. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटात एका खोलीत सोडले. खणात खरे, पण निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. ४८ मुलांना ते सापडले, ३० जणांनी हाताळले, १६ जणांनी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितले, की बंदुकीपासून सावध राहण्याचे धडे त्यांना मिळाले होते. दुसरा अभ्यास २००६ चा, अलाबामाच्या ग्रामीण भागातला. ‘बंदूक कुठे आहे हे आमच्या मुलांना माहीत नाही’ असे म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटे पाडले.

राज्ये म्हणूनच वेगवेगळ्या वाटेने चालली आहेत. मुलाच्या हाती बंदूक लागली तर मालकाला जबाबदार धरणारा पहिला कायदा फ्लोरिडाने १९८९ मध्ये केला. अशा कायद्यांमुळे मुलांच्या आत्महत्या आणि अपघात घटतात, याला भक्कम पुरावा असल्याचे ‘रँड’ या संशोधन संस्थेने अनेक अभ्यास चाळून सांगितले आहे. केंद्राचा कायदा मात्र अर्ध्या वाटेवर थांबतो : २००५ च्या तरतुदीप्रमाणे परवानाधारक दुकानदाराने पिस्तुलासोबत कुलूप दिलेच पाहिजे, पण घरी गेल्यावर ते लावायची सक्ती नाही. ऑक्सफर्डचे कुलूप पाकिटात का राहू शकले, त्याचे उत्तर या फरकात आहे.

मिशिगनचा कायदा मांडणीसाठी अभ्यासण्याजोगा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाल्यावर गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी एप्रिलमध्ये त्यावर सही केली. अल्पवयीन मूल घरी असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर बंदूक कुलपात हवी. निष्काळजीपणातून मृत्यू झाला तर १५ वर्षांपर्यंत कैद. दर १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणाऱ्या या राज्यात आजोबा नातवाला रायफल धरायला शिकवतात, म्हणून परवानगीने केलेली शिकार, नेमबाजी आणि शेतावरचा वापर यांना सूट ठेवली. कुलपे आणि तिजोऱ्यांवरचा विक्रीकरही काही काळासाठी काढून टाकला. कायदा १३ फेब्रुवारी २०२४ ला लागू झाला आणि दुसऱ्याच दिवशी फ्लिंट शहरात दोन वर्षांच्या मुलीने घरात सापडलेल्या बंदुकीने स्वतःला जखमी केले. तिच्या वडिलांवर या कायद्याखाली राज्यातला पहिला गुन्हा दाखल झाला.

कायद्याच्या आधी डॉक्टरांनी बोलावे, असा आणखी एक मार्ग. ‘घरात बंदूक आहे का?’ हा प्रश्न अमेरिकी बालरोगतज्ज्ञ लसीकरणाच्या भेटीतच विचारतात. २०११ मध्ये फ्लोरिडाने डॉक्टरांच्या या विचारणेवरच निर्बंध घातले. हक्कवाद्यांना ती खासगी बाबीतली ढवळाढवळ वाटत होती. डॉक्टर न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने कायद्याचा मुख्य भाग रद्द केला. निकाल दुसऱ्या घटनादुरुस्तीवर लागला नाही. तो पहिल्या घटनादुरुस्तीवर, म्हणजे डॉक्टरांच्या भाषणस्वातंत्र्यावर लागला.

आता हा प्रश्न पालकांच्या आपसातल्या बोलण्यातही आला आहे. मुलाला मित्राकडे खेळायला किंवा रात्री राहायला पाठवण्यापूर्वी तिथली बंदूक कुलपात आहे का हे विचारा, अशी मोहीम बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सहभागाने चालते. त्यासाठी २१ जून हा दिवसही ठरला आहे. न्यू जर्सी किंवा टेक्ससमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना हे जड जाते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यासाठी अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये पिस्तूल असेल हे मनातच येत नाही. मूल काय खाते, ॲलर्जी कशाची, कुत्रा आहे का, या प्रश्नांच्या ओघात हाही विचारून टाकावा, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे.

किल्लीचीच अडचण असेल तर किल्लीच नको, मालकाला ओळखूनच सुटणारी बंदूक बनवा, हा उपायही जुना आहे. २००२ मध्ये न्यू जर्सीने मुलांच्या सुरक्षिततेसाठी अशाच बंदुकीची सक्ती करणारा कायदा केला, आणि त्याच कायद्यामुळे ती बंदूक बाजारात यायची राहिली. मेरीलँडच्या एका दुकानदाराने २०१४ मध्ये ती विकायची ठरवली तेव्हा त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या फसलेल्या प्रयोगाची हकिगत पुढच्या लेखांकात.