एकच तुरुंग, चार भाषा

जुने चित्रपट जमवणाऱ्यांना हवा तो चित्रपट मिळाला की शोध संपतो. ‘द बिग हाउस’ मिळाला की मात्र खरा शोध सुरू होतो, कारण हा चित्रपट एकदा नाही, चार वेळा बनला!

१९३० साली एमजीएम कंपनीने तो काढला. दारू पिऊन गाडी चालवताना केंट या तरुणाच्या हातून एक माणूस मरतो. दहा वर्षांची शिक्षा होते आणि कोठडी मिळते ती बुच व मॉर्गन या मुरलेल्या गुन्हेगारांबरोबर. गंमत अशी की मॉर्गन हळूहळू सुधारतो आणि चांगल्या घरातला केंट सोबत्यांचा घात करायला शिकतो. तुरुंग माणसाला नेमकं काय शिकवतो, हा चित्रपटाचा प्रश्न आहे. लेखिका फ्रान्सिस मॅरियन त्यासाठी सॅन क्वेंटिन तुरुंग पाहून आल्या. पटकथेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ध्वनिमुद्रणाचं पहिलं ऑस्करही याच चित्रपटाला मिळालं.

बोलपट तेव्हा नवीन होता आणि डबिंगचं तंत्र अजून भरवशाचं नव्हतं. मग परदेशी प्रेक्षकांचं काय करायचं? कंपनीने त्याच सेटवर नवे नट उभे करून स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन चित्रपट वेगळे काढले. इंग्रजीत बुच झाला वॉलेस बीरी, स्पॅनिशमध्ये हुआन दे लांडा, जर्मनमध्ये हाइनरिश गेओर्ग. फ्रेंच मॉर्गन होता शार्ल बोयर.

संग्राहकांना ओढ लागते ती याचीच. इंग्रजी, स्पॅनिश आणि फ्रेंच चित्रपट एकत्र असलेला डीव्हीडी संच निघालेला आहे. तोच प्रसंग लागोपाठ पाहिला की कळतं, भाषांतर फक्त शब्दांचं होत नाही. धमकी कुठे ओरडून देतात, कुठे हळू आवाजात. भीती कुठे डोळ्यांत दिसते, कुठे हातांत. भाषांतराच्या तासाला हे समजावून सांगणं कठीण जातं, इथे ते समोर दिसतं.

आपल्याकडे प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केला. पण दोन्हीकडे राजा-राणी तेच होते, गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे. हॉलिवूडने भाषा बदलली की माणूस बदलला. आपल्याकडे एकच माणूस दोन्ही भाषा बोलला. घरी एक आणि कॉलेजात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना यातलं काय जवळचं वाटतं, ते सांगायला नकोच!