काळी, कडू, कडक: कॉफीबद्दलचे काही गैरसमज

दिवाळीला पुण्याहून वर्ध्याला आलेली मुलं आता गोरसपाकाच्या पुड्याशेजारी कॉफीचं पाकीट ठेवतात. पाव किलोला सहाशे-सातशे रुपये. घरातले मोठे किंमत वाचून गप्प होतात, पहिला घोट घेतात आणि म्हणतात, ‘ही तर आंबट लागते. रंगही नाही आला.’ या दोन वाक्यांत कॉफीबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज येऊन जातात.

‘कॉफी जितकी काळी, तितकी कडक आणि अस्सल.’

हा सगळ्यांत पक्का बसलेला समज, म्हणून त्यावर थोडं जास्त बोलावं लागेल. कॉफीची कच्ची बी फिकट हिरवी असते. तिच्यात १० ते १२ टक्के ओल असते आणि चावली तर गवतासारखी लागते. भाजायला घेतली की आधी ती पिवळी पडते, भाजत्या पोळीसारखा वास येतो, मग तांबूस होते. सुमारे २०० अंश सेल्सियसला आतली वाफ बी फोडते आणि भडभुंज्याच्या भट्टीत फुटाणे उडावेत तसा चटचट आवाज येतो. इथून पुढे कॉफी पिण्याजोगी झालेली असते. तशीच भाजत राहिलं तर सव्वादोनशे अंशांच्या आसपास दुसऱ्यांदा बारीक तडतड सुरू होते, तेल वर येतं आणि बी काळी, चकचकीत दिसू लागते.

मात्र या काळेपणाने कॅफीन वाढत नाही. भाजण्याने त्यात फारसा फरकच पडत नाही. ते ठरतं झाडाच्या जातीवर: अरेबिकाच्या बीत साधारण १.२ टक्के, रोबस्टात सुमारे २.२ टक्के. काळी कॉफी ‘कडक’ वाटते ती जळकटपणामुळे. आणि या जळकटपणाखाली किडलेली, बुरशी लागलेली, कच्चीच तोडलेली बी सहज खपून जाते. चांगली बी मिळवायला पैसे मोजलेला माणूस तिला कोळशापर्यंत नेत नाही, त्याचं कारण हेच.

याचा सगळ्यांत सोपा पुरावा गांधीजींच्या गव्हाच्या कॉफीत आहे. सेवाग्रामला येण्याच्या कितीतरी आधी, १९१३मध्ये, ‘इंडियन ओपिनियन’मधल्या आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी चहा-कॉफीला पर्याय म्हणून ती सुचवली होती: गहू निवडायचे, लालसर-काळपट होईपर्यंत भाजायचे आणि दळायचे. त्यांचा हेतू माणसाला सवयीतून सोडवण्याचा होता आणि तो मला आजही आदराचा वाटतो. पण चवीच्या अंगाने पाहिलं तर हा मोठा धडा आहे. रंग, खरपूस वास, कडवटपणा हे सगळं गहूही देतो, कारण ते भाजण्यातून येतं. गव्हाला जे देता येत नाही ते कॉफीचं स्वतःचं: फळाची आंबटगोड चव, फुलांचा वास, मागे जिभेवर राहणारा गोडवा. महागडी कॉफी विकत घेताना आपण पैसे मोजतो ते या दुसऱ्या भागासाठी.

‘आंबट लागते म्हणजे खराब आहे.’

कॉफी हे फळाचं बी आहे. त्यात लिंबातलं सायट्रिक आणि सफरचंदातलं मॅलिक ही दोन्ही आम्लं असतात. उंचावर, थंड हवेत फळ सावकाश पिकतं तेव्हा ती चव बीत दाटून येते. कारंजा-आष्टीच्या संत्र्यात आंबटपणा नसेल तर आपण त्याला फिकं म्हणतो, तसंच हे. मात्र सगळाच आंबटपणा चांगला नसतो. भाजताना घाई झाली तर कच्चट लागते, फळं जास्त आंबली तर शिरक्यासारखी लागते. हे दोन्ही दोषच. आणि हलकी भाजलेली कॉफी दुधात हरवते. दुधातलीच आवडत असेल तर मध्यम किंवा त्याहून जरा जास्त भाजलेली मागावी, त्यात कमीपणा काहीच नाही.

‘जगातली सर्वांत महाग कॉफी ऊदमांजराच्या विष्ठेतून काढतात.’

इंडोनेशियातल्या कोपी लुवाकची ही गोष्ट खरी आहे, पण जुनी झाली आहे. पर्यटकांच्या मागणीमुळे तिथे ऊदमांजरं पिंजऱ्यात कोंडून त्यांना कॉफीची फळं खायला घालतात. यासाठी कुणी पैसे देऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. किमतीचे विक्रम आज वेगळीच कॉफी करते. पनामातल्या ‘बेस्ट ऑफ पनामा’ लिलावात २०२५मध्ये हासिएंदा ला एस्मेराल्दा या मळ्यातली गेशा जातीची कॉफी किलोला ३०,२०४ डॉलरना गेली, म्हणजे सुमारे २६ लाख रुपये. तो ढीग अवघा २० किलोंचा होता. गेशा मूळची इथिओपियाची. पनामात ती कित्येक वर्षं कुणाच्या लेखी नव्हती. २००४च्या स्पर्धेत परीक्षकांनी तिची चव घेतली आणि तिचं नशीब पालटलं.

‘हे सगळे नावाचे पैसे.’

काही ठिकाणी तसं असेलही. पण ज्याने कापूस वेचला आहे त्याला बाकीचं लगेच उमगेल. बोंडं एकदम फुटत नाहीत, म्हणून पहिली, दुसरी, तिसरी वेचणी होते. वेचताना कवडी आणि पाचोळा आला की हिंगणघाटच्या बाजारात भाव पडतो. कॉफीच्या एकाच फांदीवर लाल आणि हिरवी फळं शेजारी शेजारी असतात. स्वस्त कॉफीसाठी अख्खी फांदी एकदाच ओरबाडतात. चांगल्या कॉफीसाठी माणूस पुन्हा पुन्हा येतो आणि पिकलेलं तेवढंच तोडतो. साधारण पाच-सहा किलो फळांतून एक किलो कच्ची बी निघते आणि भाजताना तिचंही वजन १५ टक्क्यांच्या आसपास घटतं.

‘स्पेशालिटी’ हा शब्द १९७४मध्ये एर्ना क्नुत्सेन या व्यापारी बाईंनी रूढ केला. पुढे त्याला मोजमाप आलं: ३५० ग्रॅम कच्च्या बियांचा नमुना, त्यातल्या दोषांची मोजणी, मग जाणकारांनी चव घेऊन दिलेले १००पैकी गुण. ८० किंवा त्याहून जास्त मिळाले तर ती स्पेशालिटी.

‘अशी कॉफी परदेशातच होते.’

आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांनी पिकवलेली अरेबिका पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाच्या दुकानात विकली जाते. तिला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि वायनाडच्या कॉफीलाही. आपल्या विदर्भातच, अमरावती ओलांडून मेळघाट चढलं की चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. तिथली उंची सुमारे ११०० मीटर. पण म्हणून वर्ध्याच्या शेतात ती येईल असं कुणी रोपं विकताना सांगितलं तर विश्वास ठेवू नये. अरेबिकाला १५ ते २५ अंशांची हवा मानवते, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो.

‘पाकिटावर कॉफी लिहिलंय म्हणजे आत कॉफीच.’

बारीक अक्षरं वाचा. कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि तिचं प्रमाण छापावं लागतं. चिकोरी हे भाजलेलं मूळ. त्यात कॅफीन नसतं.

पाकिटावर दुसरं पाहायचं ते भाजल्याची तारीख. आणि कधी कच्ची बी हाताला लागली तर शंभर ग्रॅम घेऊन लोखंडी कढईत, हात न थांबवता, घरीच भाजून पाहावी. खिडकी उघडी हवी, धूर होतो. पहिली चटचट ओसरली की लगेच सुपात ओतायची आणि पाखडायची. पातळ चंदेरी साल उडून जाते आणि बीही निवते. लगेच दळू नका. ताज्या भाजलेल्या बीतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, तो दोन-तीन दिवस निघू द्या. मग दळा, लागेल तेवढीच.